रोज १६०० फुल मारून टायमिंग का उतरत नाही? हळू किती पळायचं आणि जोरात किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, पोलीस भरतीची तयारी, ग्राऊंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, अंदाजे तीन महिने. रोज सकाळी १६०० मीटर टायमिंग लावून फुल ताकदीने, संध्याकाळी ४०० चे पाच राऊंड तेही जीव काढून. बरेच दिवस झाले टायमिंग ५:५० च्या खाली सरकत नाहीये, नडग्या दुखायला लागल्यात. एक जण सांगतो झोन २ मध्ये, म्हणजे हार्ट रेट कमी ठेवून, हळू पळ, दुसरा म्हणतो हळू पळशील तर हळूच होशील. मग खरं काय, आणि हळू किती, जोरात किती?

आधी सरळ उत्तर देतो, मग का ते सांगतो. आठवड्यात सहा दिवस पळ, त्यातले चार दिवस हळू, दोन दिवस जोरात, एक दिवस पळणं पूर्ण बंद. दिवसातून एकदाच. रोजचं १६०० चं टायमिंग आजपासून बंद, तीन आठवड्यांतून एकदा लावायचं, तेही आदल्या दिवशी पाय हलके ठेवून. भावा, तुझी मेहनत कमी पडत नाहीये, उलट सगळी मेहनत एकाच जागी ओतली जातेय.

भरतीच्या पोरांना मी ग्राऊंडवर बघतो तेव्हा जवळपास सगळे १६०० ला स्पीडचा इव्हेंट समजतात. तो तसा नाहीये. १०० मीटर स्पीडचा इव्हेंट आहे, तिथे श्वास घेतला काय नाही घेतला काय फारसा फरक पडत नाही. पण पाच-साडेपाच मिनिटं सतत पळायचं म्हटलं की लागणाऱ्या एनर्जीतली ८० टक्क्यांच्या आसपास एनर्जी ऑक्सिजनवर तयार होते, उरलेली ऑक्सिजनशिवाय. १५०० मीटरच्या रनर्सवर हे मोजून झालेलं आहे, ४०० मीटरला हाच आकडा निम्म्याच्याही खाली असतो. म्हणजे १६०० चे तुझे २० मार्क ठरतात ते मुख्यतः हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतं, ते रक्त मांडीपर्यंत किती नीट पोचतं आणि मांडीतले स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतात यावर. आणि तू रोज तयारी करतोयस ती उरलेल्या वीस टक्क्यांची.

तुझे राऊंड मी बघितलेले नाहीत पण ५:५० वाल्या पोराचे राऊंड साधारण कसे पडतात ते सांगतो, स्वतःचे मोजून बघ. ४०० च्या ट्रॅकवर पहिला राऊंड ७२ सेकंद, दुसरा ८६, तिसरा ९५, चौथा ९७. बेरीज कर, बरोबर ५:५० येतात. पहिला राऊंड ४:४८ च्या टायमिंगचा आणि शेवटचे दोन साडेसहा मिनिटांच्या आसपासचे. पहिल्या राऊंडला छाती काढून सगळ्यांच्या पुढे, तिसऱ्याला तोंडाला फेस. आता हे रोज केलं तर शरीर रोज एकच गोष्ट शिकतं, जोरात निघायचं आणि मग तग धरायची. तिसरा राऊंड ९५ चा ८५ करायला जे लागतं ते या सवयीतून कधीच तयार होत नाही, कारण तिसऱ्या राऊंडला येईपर्यंत पाय आधीच भरलेले असतात.

रोज बोर्डाचा पेपर सोडवत बसलास तर अभ्यास कधी करणार? रोजचं टायमिंग म्हणजे तेच आहे. त्यात अजून एक गंमत होते, रोज फुल मारणारा पोरगा खरं तर फुल मारतच नाही, मारूच शकत नाही. कालचा थकवा अंगात असतो म्हणून आजचं फुल हे नव्वद टक्के असतं, उद्याचं अजून कमी, आणि त्याला वाटत राहतं आपण जीव तोडतोय. मग अकॅडमीत सर ओरडतात म्हणून तो ‘वॉर्मअपचे ५ किलोमीटर’ पण ग्रुपमधल्या सगळ्यात फास्ट पोराच्या मागे लागून धापा टाकत मारतो. म्हणजे हळूचे दिवस पुरेसे हळू नाहीत आणि जोराचे दिवस पुरेसे जोरात नाहीत, सगळंच मधल्या गडबडीत. त्या मधल्या स्पीडला दमायला भरपूर होतं आणि त्या मानाने हाताला फार काही लागत नाही.

आता हळू म्हणजे किती हळू. इथेच पोरं फसतात कारण त्यांना लाज वाटते. तुझ्या ५:५० च्या हिशोबाने किलोमीटरला सहा ते साडेसहा मिनिटं, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सात लागले तरी चालतील. घड्याळापेक्षा सोपी टेस्ट सांगतो जी मी ग्राऊंडवर वापरतो: दोघा-दोघांची जोडी लावायची आणि पळता पळता एकमेकांना चालू घडामोडी विचारायच्या. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. ‘महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा कोणता’ तर ‘महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर आहे, आधीचं नाव अहमदनगर’ एवढं एका दमात बोलता आलं पाहिजे. नुसतं ‘नगर’ म्हणून पुढे श्वास घ्यायला लागलास की स्पीड जास्त झाला, कमी कर. एकटा असशील तर पाढे म्हण, कोणी बघत नाही पहाटे पाचला. लेखीचा अभ्यासही होतो हा बोनस.

हार्ट रेटच्या भाषेत बोलायचं तर तुझ्या वयाला मॅक्सिमम साधारण १९५ धरला तर हळूचा दिवस १२५ ते १४५ मध्ये बसतो. पण हा १९५ फॉर्म्युल्याचा अंदाज आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतात. शिवाय स्वस्तातलं स्मार्टवॉच पळताना मनगटावर उड्या मारतं आणि बऱ्याचदा हार्ट रेटच्या जागी तुझ्या पावलांचा ठेका मोजून दाखवतं, म्हणून पोरं येऊन सांगतात की सर हळू पळतोय तरी १७५ दाखवतंय. छातीचा पट्टा असेल तर ठीक, नसेल तर बोलण्याची टेस्ट पुरेशी आहे. त्यात एक रुपया जात नाही.

हळू पळून होतं काय? हृदयाला प्रत्येक ठोक्याच्या आधी नीट भरायला वेळ मिळतो आणि हे तास न् तास झालं की एका ठोक्यात जास्त रक्त फेकायची त्याची ताकद वाढते. स्नायूत बारीक केशवाहिन्या वाढतात. पेशीतल्या तंतुकणिका, ज्या तू विज्ञानात ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ म्हणून पाठ केल्यास, त्या संख्येने आणि कामाने वाढतात. हाडं, शिरा, टाचेचा कंडरा यांना मार सहन करायची सवय लागते, आणि ही सवय हृदयापेक्षा खूप सावकाश लागते हे लक्षात ठेव. पोरांचा दम दीड महिन्यात वाढतो, नडगीचं हाड तेवढ्यात तयार होत नाही, म्हणून दुखणी नेमकी तेव्हाच सुरू होतात जेव्हा टायमिंग सुधारायला लागलेलं असतं.

हळू पळशील तर हळूच होशील म्हणणाऱ्या मित्राला पीटर स्नेलबद्दल सांग. न्यूझीलंडचा, ८०० मीटरचं ऑलिम्पिक गोल्ड १९६० ला रोममध्ये आणि परत १९६४ ला टोकियोत. ८०० मीटर म्हणजे तुझ्या निम्मं अंतर, आणि त्याचे कोच आर्थर लिडियार्ड त्याला रविवारी डोंगरातल्या रस्त्यावर २२ मैल पळायला लावायचे, आठवड्याचे शंभर मैल. आपल्याकडचं बघायचं तर अविनाश साबळे, बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) २०२४ ला पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१ चं नॅशनल रेकॉर्ड, आणि याच माणसाने २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास ३० सेकंदात मारलीय. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती आणि मग २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोचली. लांब पळल्याने यातला कोणी स्लो झाला नाही. अर्थात यांचं हळू आपल्यापेक्षा जोरात असतं आणि यांचं किलोमीटरचं पोतं आपल्याला उचलणार पण नाही, तो भाग वेगळा.

८०:२० हा आकडा तू रीलमध्ये ऐकला असशील. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर म्हणून संशोधक आहेत, त्यांनी रोइंग, स्कीइंग, सायकलिंग, रनिंग असल्या खेळातल्या टॉपच्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं आणि दिसलं की त्यांची दहातली आठ सेशन हळू असतात आणि दोनच जोरात. लक्षात घे, सेशन. मिनिटं मोजलीस तर जोरातला भाग अजून कमी भरतो. आता ते लोक आठवड्यात दहा-बारा सेशन करतात, तू सहा करणार, म्हणून तुला चारास दोन ठीक आहे, कॅल्क्युलेटर घेऊन बसायची गरज नाही. खाली जो आठवडा देतोय त्यात मिनिटं मोजलीस तर खरंखुरं जोरात पळणं दहा-बारा टक्केच निघेल.

पण दुसऱ्या टोकाला पण जाऊ नको. सध्या झोन २ ची एवढी हवा झालीय की काही पोरं तीन महिने फक्त हळूच पळतात आणि मग ग्राऊंडला पायच उचलत नाहीत. नॉर्वेतच ट्रॉन्डहाइममध्ये २००७ साली एक प्रयोग छापून आला. चार मिनिटं मॅक्सिममच्या ९० ते ९५ टक्के हार्ट रेटवर, मग तीन मिनिटं हळू, असे चार राऊंड, आठवड्यात तीन दिवस, आठ आठवडे. दुसऱ्या गटाने एकूण काम तेवढंच केलं पण सावकाश. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता जोरात पळणाऱ्यांची स्पष्ट जास्त वाढली. म्हणजे जोराला पर्याय नाही. मग आठवडाभर जोरातच का नाही, तर तुझ्या नडग्या त्याचं उत्तर आधीच देतायत. जोराच्या एका सेशननंतर शरीराला सावरायला ४८ तास लागतात, कमी झोपणाऱ्याला त्याहून जास्त.

आणि ते ताबाता. २० सेकंद जोर, १० सेकंद आराम, चार मिनिटात खेळ खल्लास, असं रीलवाला सांगतो. जपानमधल्या इझुमी ताबाता यांचा मूळ पेपर १९९६ चा, प्रयोग सायकलवर केलेला, आणि जोर असा की सात-आठ राऊंडमध्ये माणूस पॅडलच मारू शकत नाही. करणारी पोरं आधीच फिट, खेळाच्या कॉलेजातली. आणि गंमत म्हणजे त्या गटालासुद्धा पाचपैकी एका दिवशी ३० मिनिटं सलग मध्यम स्पीडने सायकल मारायला लावलेली, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. अंगणात बर्पी मारून त्याला ताबाता म्हणायचं असेल तर म्हण, १६०० चं टायमिंग त्याने उतरणार नाही.

आता आठवडा. सोमवार हळू ४० मिनिटं. मंगळवार जोराचा. बुधवार हळू ४०. गुरुवार हळू ३५ आणि शेवटी ८०-१०० मीटरचे सहा मोकळे स्ट्राइड, फुल नाही, सुंदर पळायचं, खांदे सैल. शुक्रवार जोराचा. शनिवार पळणं नाही, गोळाफेक आणि थोडे ताकदीचे व्यायाम. रविवार लांब, सुरुवात ४५ पासून करून हळूहळू ६५-७० मिनिटांपर्यंत, मातीच्या रस्त्यावर, आणि हा सगळ्यात हळू. सध्या तू किती पळतोस त्यावर हे जमेल का बघ, एकदम जास्त वाटलं तर प्रत्येक दिवसातून दहा मिनिटं काप, आठवड्याची रचना मोडू नको.

पहिले चार आठवडे जोराच्या दोन्ही दिवशी हात राखून. मंगळवारी फार्टलेक, म्हणजे १५ मिनिटं हळू पळून झाल्यावर एक मिनिट जोरात दोन मिनिटं हळू असं आठ वेळा. शुक्रवारी टेकडी किंवा घाटाचा सौम्य चढ असेल तर ४० सेकंद चढ पळत, उतार चालत, सहा ते आठ वेळा. चढावर जोर लागतो पण स्पीड कमी असल्याने नडगीला हादरा कमी बसतो, म्हणून दुखणाऱ्या पोरांना मी आधी चढावर घेतो. गावात चढच नसेल तर बंधाऱ्याची किंवा कालव्याची भिंत बघ, काहीतरी निघतंच.

पाचव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत खरं काम. मंगळवारी ४०० चे सहा राऊंड, ८८ ते ९० सेकंदात, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग, बसायचं नाही. हा तुझ्या आत्ताच्या टायमिंगचा स्पीड आहे आणि पहिला राऊंड तुला खूपच सोपा वाटेल, वाटू दे. पहिला ८९ आणि सहावा ८९ आला पाहिजे. पहिला ७६ आणि सहावा ९८ आला तर ते सेशन वाया गेलं, कितीही दमलास तरी. सहा सारखे यायला लागले की आठ कर, मग ८५ वर ये. शुक्रवारी एक आठवडा वर सांगितलेले नॉर्वेवाले चार मिनिटांचे चार राऊंड, दुसऱ्या आठवड्यात २० मिनिटं सलग अशा स्पीडने की तीन-चार शब्द बोलता येतील पण वाक्य नाही, तुला तो किलोमीटरला साडेचारच्या आसपास पडेल. या सलग वीस मिनिटांना पोरं सगळ्यात जास्त टाळतात कारण त्यात शिट्टी नाही, राऊंड नाही, कोणाला हरवायचं नाही. पण ‘लॅक्टिक भरलं’ (जोरात पळताना स्नायूत तयार होणारं लॅक्टेट) म्हणून जे तिसऱ्या राऊंडला पाय जड होतात ते लांबवायचं काम नेमकं इथे होतं, कारण त्या स्पीडला स्नायू जेवढं लॅक्टेट तयार करतो तेवढंच वापरून टाकायला शिकतो.

दहावा-अकरावा आठवडा धार लावायचा. ४०० चे चार-पाच ७९-८० मध्ये, मध्ये तीन ते चार मिनिटं पूर्ण आराम, आणि शुक्रवारी २०० चे सहा-आठ ३८-३९ मध्ये. फुल २० मार्क ५:१० किंवा त्याच्या आत, म्हणजे राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तीन महिन्यांत ५:५० वरून ५:१० होईल असं तुला कोणी सांगत असेल तर तो तुझी फी बघतोय. ५:२५-५:३० झालं तर ते चांगलं काम समज, मार्कांचा एक टप्पा तरी नक्की वर. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर, फक्त अधूनमधून २०० चे तीन-चार, पाय जागे ठेवायला. त्या आठवड्यात कोणी ‘चल एकदा टायमिंग लावू’ म्हटलं तर फोन बंद ठेव.

नडग्यांचं आधी बघ, वर दिलेलं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. पूर्ण नडगीच्या आतल्या बाजूने लांबट दुखत असेल, पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर दहा-बारा दिवस फक्त हळू, डांबर सोडून माती किंवा मुरूम, शूज घासलेले असतील तर बदल, आणि पोटऱ्यांचे व्यायाम, पायरीवर टाच वरखाली. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपल्यावर दुखत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. हाडाला बारीक चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी ग्राऊंडवर येऊ नको. त्या काळात सायकल किंवा विहिरीत-तलावात पोहणं, तोच हळू-जोराचा हिशोब तिथे लाव. हृदयाला तू रस्त्यावर आहेस की पाण्यात याचं काही पडलेलं नसतं.

खाण्याचं लांबण लावत नाही. जोराच्या दिवशी आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर, भाकरी-डाळ-अंडी-दूध जे घरात असेल ते. एकादशी-चतुर्थीला उपास असेल तर जोराचा दिवस सरकव, उपाशीपोटी ४०० मारण्यात कसलंही पुण्य नाही. झोपेवर मात्र बोलतो. अभ्यासिकेत बारापर्यंत आणि पहाटे साडेचारला ग्राऊंड, असं चालणार असेल तर मी वर लिहिलेलं काहीच लागू होणार नाही. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच एक मिनिट नाडी मोज. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आले तर त्या दिवशी मंगळवार असो की शुक्रवार, हळूच पळायचं. उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भात सकाळी आठनंतर त्याच स्पीडला हार्ट रेट कितीतरी वर जातो, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं म्हणून, तेव्हा टायमिंगकडे न बघता श्वासाकडे बघ. आणि कुठल्याही जिमवाल्याकडून, ‘सिनियर’कडून इंजेक्शन नाही, पावडरच्या नावाखाली गोळ्या नाहीत. छातीत दुखलं, चक्कर आली, घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल तर आधी ईसीजी आणि डॉक्टर, मग जोराचे राऊंड. ग्राऊंडवर पोरं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो.

१०० मीटरचे १५ मार्क आणि गोळ्याचे १५ हे पण धरून चाल. हळू पळाल्याने १०० चं टायमिंग बिघडतं ही भीती अगदी खोटी नाही, नुसतं हळूच पळालास तर बिघडेल. म्हणून गुरुवारचे स्ट्राइड चुकवू नको आणि मंगळवारी वॉर्मअप झाल्यावर, ४०० सुरू करायच्या आधी, ३० मीटरचे चार-पाच फुल स्टार्ट मार, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. ताजे पाय असतानाच स्पीड शिकला जातो, दमल्यावर मारलेला स्प्रिंट हा नुसता दम असतो.

पोरींना १६०० ऐवजी ८०० मीटर आहे, तिथे ऑक्सिजनचा वाटा थोडा कमी, तरी निम्म्याहून बराच जास्त. आठवडा हाच, फक्त शुक्रवारचे वीस मिनिटांऐवजी बारा-पंधरा आणि २०० चे राऊंड जास्त. आणि हळू पळूनही खूप धाप लागत असेल, पायऱ्या चढताना थकवा येत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा, आयर्न कमी असताना ट्रेनिंग कितीही बदललं तरी टायमिंग हलत नाही, हे पोरींमध्ये फार दिसतं. एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) करणाऱ्यांना ५ किलोमीटर आहे, त्यांनी रविवार अजून लांबवायचा आणि २०० चे राऊंड जवळजवळ सोडून द्यायचे.

ग्राऊंडच्या दिवसाचं एकच. चेस्ट नंबर लागला, शिट्टी झाली की आजूबाजूचे सगळे ७० च्या राऊंडने पळत सुटणार आणि तुला वाटणार आपण मागे पडलो. तू तोपर्यंत ५:२८ ला आला असशील तर तुझा पहिला राऊंड ८१-८२ चा, घड्याळात बघून, त्याच्या आत नाही. दुसरा ८३, तिसरा ८३. बाकीचे दुसऱ्या राऊंडच्या शेवटी तुझ्याकडे मागे यायला लागतील, त्यांना बाहेरून ओलांड, आतून घुसू नको, धक्का लागला तर दोघं पडाल. चौथ्याच्या शेवटच्या २०० ला जे उरलंय ते सगळं काढ. तीन आठवड्यांनी पहिलं टायमिंग लावशील तेव्हा फक्त एकूण वेळ सांगू नको, चारही राऊंड वेगवेगळे लिहून पाठव.